पाचव्या दगडाची पाठ

पाथरवटाची बायको दार न वाजवता आत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"बसायला वेळ नाही, वहिनी. एकच विचारायचंय. माणूस स्वतः तोंडच उघडत नसेल, तर त्याला सोडवता येतं का?"

वहिनींनी खुर्ची पुढे सरकवली. "येतं. पण त्रास दुप्पट होतो. बसा."

वहिनी सगळ्या गावाच्याच वहिनी होत्या. नवरा खाजगी तपासाची कामं करायचा. तो गेल्यावर दारावरची पाटी तशीच राहिली आणि कामंही येत राहिली. खरं तर तो होता तेव्हाही डोकं ह्यांचंच चालायचं. पाटीवर नाव तेवढं त्याचं. खिडकीपाशी पेपर वाचत बसलेले भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. पस्तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढून निवृत्त झालेले. गुडघ्यांपायी आता कुठे जाववत नाही म्हणायचे, आणि वहिनी निघाल्या की त्यांच्या आधी चपला घालून उभे राहायचे.

शनिवारची सकाळ होती. आठवडाभर धुकं आणि बारीक झिमझिम. वाळत घातलेले कपडे वाळत नव्हते आणि कुणाचंच मन थाऱ्यावर नव्हतं. त्यातच गुरुवारी सकाळी टेकडीवर, कोरीव दगडांपाशी, संग्रहालयाचे प्रमुख मेलेले सापडले होते. डोक्याला मागून मार होता. शेजारी पाथरवटाचा हातोडा पडला होता. शुक्रवारी पोलिसांनी पाथरवटाला घरातून उचललं.

"सोमवारी कोर्टात उभं करणार आहेत," ती म्हणाली. "फौजदार म्हणतात, साहेबांशी भांडण झालं होतं का, एवढं तरी सांग. ह्यांनी तोंडात गुळणी धरलीय. मलाही काही सांगत नाहीत. वहिनी, बारा वर्षांत ह्यांनी मुंगीवर पाय दिलेला मी पाहिला नाही. पण गप्प बसलेल्या माणसाला कोण सोडवणार?"

"बुधवारी दुपारी ते कुठे होते?"

"घरी. एकटेच. मी दवाखान्यात कामाला होते. म्हणजे साक्षीला मीसुद्धा नाही." तिने पदराने डोळे पुसले, पण आवाज चढू दिला नाही.

वहिनी चष्मा लावून उठल्या. भाऊजींच्या पायात चपला होत्याच.

फौजदार वहिनींना जुने ओळखत होते. त्यांनी कागद पुढे केले, चहा मागवला आणि आपली बाजू मांडली. टेकडीवर नऊ दगड उभे आहेत. पाचवा कलला होता, म्हणून पाथरवट त्याच्या पायथ्याची माती काढून तो सरळ करत होता. त्या दगडाच्या मागच्या अंगाला, अगदी खाली, तळहाताएवढा भाग ताजा छिन्नीने उडवलेला आहे. "सोमवारी दोघांची खडाजंगी झाली. बुधवारी ह्याने सूड म्हणून दगड खराब करायला घेतला, साहेबांनी पकडलं, ह्याने हातोडा घातला. काळ्या दगडावरची रेघ आहे, वहिनी."

"रेघा पाहिल्याशिवाय मी काही म्हणणार नाही," वहिनी म्हणाल्या आणि डॉक्टरांचा अहवाल वाचू लागल्या.

दुपारी जेवल्यानंतर दोन तासांच्या आत मृत्यू. मार बसल्यावर लगेच नाही. अर्धा-पाऊण तास जीव असावा. जखम हातोड्याची किंवा दगडाच्या कडेची, नक्की सांगता येत नाही. डाव्या अंगठ्याचं नख ठेचून काळंनिळं झालेलं, तेही मरणाआधी थोडाच वेळ.

अंगावरच्या वस्तूंची यादी जोडली होती. कोटाच्या बटण लावलेल्या खिशात संग्रहालयाच्या किल्ल्या. चष्मा, काचांवर दगडाची पूड चिकटलेली. जवळच दोरी निसटून खाली पडलेली ताडपत्री.

हातोडा कपाटात होता. वहिनींनी तो उलटा केला. दांड्याच्या बुडाला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे तीन रेघा आणि खाली एक ठिपका कोरलेला होता.

"दुकानदाराची खूण असेल," भाऊजी म्हणाले.

पाथरवट कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. रुंद खांद्याचा, बोटं दगडासारखीच खरखरीत. वहिनींनी चार प्रश्न विचारले. त्याने चारही वेळा मान खाली घातली. निघताना त्या म्हणाल्या, "तुमची बायको रात्रभर झोपलेली दिसत नाही." त्यावर त्याने डोळे मिटले, पण बोलला नाही.

परतताना वहिनी मुद्दाम त्याच्या घराकडून आल्या. बायकोला त्यांनी फक्त खुणेबद्दल विचारलं.

"ती घराण्याची," ती म्हणाली. "सासरे सांगायचे, पणजोबांपासून चालत आलीय. दाराची पायरी उचलून बघा, खाली सापडेल. आमच्याकडे कामावर नाव नाही घालत. खूण घालायची ती दगडाच्या पोटाशी, मातीत जाईल अशी."

रविवारी सकाळी दोघं टेकडी चढले. चढायला तास लागला. भाऊजींच्या म्हणण्याप्रमाणे दोन.

वर माळावर धुक्यात नऊ दगड उभे होते. माणसापेक्षा उंच, अंगभर कोरलेले: आडवी पडलेली माणसं, वर्तुळं, पंख पसरलेले पक्षी. कुणी घडवले माहीत नाही, कशासाठी तेही माहीत नाही. जवळ गेलं की उगाच आवाज खाली येत होता. पाचवा सगळ्यांत सुंदर होता. बाकीच्यांवर जे अर्धंमुर्धं झिजून गेलेलं, ते ह्याच्यावर स्वच्छ वाचता येत होतं. त्याच्यामागे दोन पावलांवर एक मोडका दगड आडवा पडला होता. प्रमुख तिथेच सापडले होते.

वहिनी पाचव्या दगडामागच्या खड्ड्यात गुडघ्यांवर बसल्या. उडवलेल्या भागावर घाव आडवेतिडवे पडले होते. काही नुसतेच घसरले होते.

"राग दिसतोय ह्यात," भाऊजी म्हणाले.

"राग आहे की नवखेपणा, ते बघायला हवं."

पहारेकऱ्याची खोपटी बाजूलाच होती. म्हातारा बोलायला उतावळाच होता. दगडांशी बोलून कंटाळला असावा.

"साहेबांनी मंगळवारी दुपारी पाचव्याच्या पाठीला कागद लावला. ओला कागद, कोरीवकामाचा ठसा घ्यायला ब्रशने ठोकून ठोकून बसवतात, तो. पावसाचा म्हणून वर ताडपत्री बांधली. बुधवारी दीडला आम्ही दोघांनी इथेच डबा खाल्ला. दोनला मी मागच्या वाटेनं उतरलो, पलीकडच्या गावात बहिणीला बघायला जायचं होतं. कागद तेव्हा दगडावरच होता. साहेबांनी हात लावून पाहिला. म्हणाले, अजून तासभर तरी ओल जात नाही."

"सोमवारचं भांडण ऐकलंत?"

"भांडण कसलं? साहेब हळू आवाजात काहीतरी सांगत होते, तो मान हलवत होता. शेवटी म्हणाला, 'माझ्याच्यानं नाही होणार साहेब, दुसऱ्या कुणाला सांगा.' आणि हत्यारं तशीच टाकून निघून गेला. पाथरवट हत्यार टाकून जातो, हे मी तरी पहिल्यांदाच पाहिलं."

उतरताना भाऊजी गुडघा चोळायला थांबले. मग म्हणाले, "मजुरीवरून वाजलं असणार."

"असेल," वहिनी म्हणाल्या. त्या 'असेल' म्हणाल्या की भाऊजींना आपण चुकलो हे कळायचं. कुठे, ते मात्र कळायचं नाही.

प्राध्यापक पुस्तकांच्या ढिगात, पाय स्टुलावर ठेवून बसले होते. पायाला पट्टा, हाताशी काठी. टेकडीवर जाऊन त्यांना दोन वर्षं झाली होती.

"मी म्हणायचो ते दगड म्हणजे पंचांग आहे, तो म्हणायचा थडगी," ते म्हणाले. "तीस वर्षं एकमेकांना पाण्यात पाहिलं. लोक व्याख्यानाला यायचे ते आमची जुगलबंदी ऐकायला. आता वाद घालायचा तर कुणाशी? मी एकटा बरोबर असून काय करू?"

"दोघांचा आधार पाचवा दगडच?"

"त्याच्याशिवाय बाकीचे आठ मुके आहेत. माझं पुस्तक, त्याचं पुस्तक, सगळं त्या एकावर उभं."

"कलला होता तेव्हा त्याच्या मुळाशी काही सापडलं, असं ते म्हणाले?"

"मला? मला तो वेळसुद्धा विचारायचा नाही. पण काही करणार असेल तर आधी कागदी ठसा घेतला असणार. आम्ही एकाच गुरूचे चेले. पहिल्या दिवशीचा धडा: दगडाला बोट लावायचं असेल, तर आधी ठसा. तो मेला असता पण हा नियम मोडला नसता."

आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन ते खिडकीकडे पाहू लागले.

संग्रहालयात सहायिका एकटीच होती. चाळिशीची, बारीक, गळ्याला मफलर. अठरा वर्षं ती प्रमुखांच्या हाताखाली होती. सोमवारपासून तापाने घरी होते, टेकडीवर गेलेच नाही, गुरुवारी बातमी कळली तेव्हा उठून आले, असं तिने सांगितलं. बोलताना ती टेबलावरची आधीच सरळ असलेली पेन्सिल सरळ करत होती.

"सरांनी मला सगळं शिकवलं. कागद भिजवण्यापासून. ते म्हणायचे, माणसं खोटं बोलतात, पुस्तकं खोटं बोलतात, ठसा बोलत नाही."

"कागद वाळायला किती वेळ लागतो?"

"उन्हात तीन-चार तास. ह्या हवेत पूर्ण दिवस. आणि वाळला की लगेच आत आणायचा. उघड्यावर पाण्यात सापडला, तर पाच मिनिटांत लगदा. घरीही ठेवून चालत नाही, बुरशी धरतो." तिने भिंतीलगतच्या रुंद, सपाट खणांच्या कपाटाकडे बोट केलं. "ह्यात कोरडा राहतो."

"किल्ल्या?"

"एक सरांची, एक माझी. बुधवारी संग्रहालय बंद असतं."

"पाचव्या दगडाचे ठसे बघू?"

ती क्षणभर थांबली. मग खण ओढला. पुढची बाजू, डावी, उजवी, पाठ. चार जाड पांढरे कागद, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलने तारीख. पाठीचा कागद सगळ्यांत पांढरा होता, एक कोपरा तेवढा सुरकुतलेला. त्यावर प्रमुखांच्या अक्षरात मंगळवारची तारीख होती.

"तारीख कधी घालतात?"

"लावायच्या आधी. भिजल्यावर लिहिता येत नाही."

भाऊजी कागदाच्या खालच्या अंगावर वाकले. "वा. सूर्य आणि त्याचे तीन किरण. म्हणजे प्राध्यापकांचं पंचांगच खरं म्हणायचं."

सहायिकेने खण हळूच लोटला, कागदाला हिसका बसू नये इतक्या हळू.

सोमवारी सकाळी, कोर्ट उघडायला दोन तास असताना, वहिनींनी सगळ्यांना संग्रहालयात बोलावलं. फौजदार घड्याळाकडे पाहत होते. प्राध्यापक काठीवर हात ठेवून बसले होते. पाथरवटाला हवालदारांसोबत आणलं होतं. त्याची बायको दाराशी उभी होती. सहायिका कपाटाला पाठ लावून होती.

"फौजदारसाहेब," वहिनींनी सुरुवात केली, "हातोडा चालवताना डाव्या हाताचा अंगठा कुणाचा ठेचतो?"

"ज्याने छिन्नी धरलेली असते त्याचा."

"आणि पाथरवटाचा किती वेळा ठेचत असेल? ह्यांचे अंगठे बघा, आणि अहवालात प्रमुखांचा अंगठा बघा. त्यांच्या चष्म्यावर दगडाची पूड होती. पूड चष्म्यावर उडते ती दगडाच्या तोंडाशी तोंड असेल तर. दगडावरचे घाव आडवेतिडवे आहेत, नवख्या हाताचे. तो भाग पाथरवटाने उडवला नाही. प्रमुखांनी स्वतः उडवला."

"काहीतरीच," प्राध्यापक म्हणाले. "तो? त्या दगडावर?"

"तेच काम त्यांनी सोमवारी पाथरवटाला सांगितलं होतं. 'माझ्याच्यानं नाही होणार, दुसऱ्या कुणाला सांगा.' मजुरीच्या वादात माणूस असं बोलत नाही, भाऊजी. काहीतरी करायला सांगितलं आणि हात धजावला नाही, तर बोलतो. हत्यारं तिथेच राहिली. दुसरं कुणी मिळालं नाही, म्हणून प्रमुखांनी ती स्वतः उचलली."

"पण काय पुसायचं होतं?" फौजदारांनी विचारलं.

वहिनींनी खण उघडला, कागद टेबलावर ठेवला आणि शेजारी हातोडा उलटा धरला. तीन रेघा, एक ठिपका. कागदावर तेच.

भाऊजींनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि आपल्या सूर्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत.

"ही ह्यांच्या घराण्याची खूण. दगडाच्या पोटाशी, मातीत जाईल अशी घालतात. माती काढली तेव्हा दिसली. पाचवा दगड प्राचीन नाही, प्राध्यापक. तो ह्यांच्याच घराण्यातल्या कुणीतरी घडवलाय."

प्राध्यापकांच्या हातातली काठी घसरून खाली पडली. ती उचलायचं कुणाला सुचलं नाही.

"प्रमुखांची तीस वर्षं त्या दगडावर उभी होती. खूण गेली की प्रश्नच मिटला. पण तुमच्या गुरूंचा पहिला धडा आडवा आला. पुरावा नाहीसा करायला निघालेल्या माणसानेसुद्धा आधी त्याचा ठसा घेतला. त्यांना दुसऱ्या पद्धतीने काम करताच येत नव्हतं."

वहिनींनी कागद सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

"आता हा कागद. बुधवारी दोनला तो दगडावर होता, ओला. पहारेकऱ्याने पाहिलाय. वाळायला अजून तास हवा होता. प्रमुखांनी डबा खाल्ला दीडला, आणि डॉक्टर म्हणतात त्यानंतर दोन तासांत ते गेले. म्हणजे साडेतीनच्या आत. त्यात अर्धा-पाऊण तास जखमी पडून. उतरायला पाऊण तास, चढायला तास. ते स्वतः खाली येऊन कागद ठेवून परत गेले नाहीत. त्यांची किल्ली कोटात बटणाखाली होती. मग टेकडीवरचा कागद ह्या खणात आला कसा? प्राध्यापकांकडे किल्ली नाही, आणि पायही नाही. दुसरी किल्ली एकाच माणसाकडे आहे, जो म्हणतो की मी सोमवारपासून टेकडीवर गेलोच नाही."

सहायिकेने मफलर सोडला आणि हातात घेतला.

"दुसऱ्या कुणी तो तिथेच फेकला असता," वहिनी तिच्याकडे वळून म्हणाल्या, आता हलक्या आवाजात. "तुम्ही तो जागच्या जागी ठेवलात."

"कागद वाळला नसेल अजून, असं वाटलं," सहायिका म्हणाली. "सर ठसा घेतायत हे पहारेकऱ्याकडून कळलं होतं, आणि सर घाई करतात. मला ताप होता तरी मी गेले. त्यांनी तो आधीच काढून ताडपत्रीखाली पसरला होता, कोपरा ओला असताना. आणि ते खड्ड्यात बसून छिन्नी मारत होते. मला बघून थांबलेसुद्धा नाहीत. म्हणाले, हा कागदही जाळू, तू काही पाहिलं नाहीस. मी हात धरला. त्यांनी झटकला. मी परत ओढला. ते उठताना दोरीत अडकले, ताडपत्री खाली आली आणि ते मागे त्या मोडक्या दगडावर पडले."

"मग?"

"पाऊस जोरात आला होता. कागद उघडा पडला होता." ती थांबली. "मी आधी कागद गुंडाळला. सरांच्या पत्र्याच्या नळीत घातला, नळीचं तोंड बंद केलं. मग त्यांच्याकडे गेले. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होते. मी मदत आणायला धावले आणि अर्ध्या वाटेत नळी भिजेल म्हणून झाडाखाली थांबले. किती वेळ, ते आठवत नाही. परत वर गेले तेव्हा संपलं होतं."

अर्धा-पाऊण तास, भाऊजींना आठवलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

"आणि ह्यांना पकडलं तेव्हा?" दारातून पाथरवटाच्या बायकोने विचारलं. "तेव्हा का नाही बोललात?"

"रोज बोलणार होते," सहायिका म्हणाली. पाथरवटाच्या बायकोकडे पाहायचं धैर्य तिला झालं नाही.

फौजदारांनी पाथरवटाच्या हातातल्या बेड्या काढल्या. बायको पुढे आली, पण त्याला हात लावायच्या आधी थांबली. तो काहीतरी बोलणार आहे हे तिला दिसलं. चार दिवसांत पहिल्यांदाच.

"जुना दगड मोडून पडला होता, तोच तो, मागचा," तो वहिनींना म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "तेव्हाच्या साहेबांनी पणजोबांना म्हटलं, तसाच दुसरा करून दे आणि कुणाला सांगू नकोस. वरचं सगळं झिजलं होतं, पणजोबांनी ते मनानेच भरलं. त्या बोलीवर टेकडीचं काम चार पिढ्या आमच्या घरात राहिलं. बोललो असतो तर सगळे म्हणाले असते, ह्यांच्या घराण्याने सगळ्यांना फसवलं. म्हणून गप्प होतो."

"मनाने भरलं?" प्राध्यापकांनी कसंबसं विचारलं. "ते पक्षी? ती वर्तुळं? त्यांचा अर्थ काय होता?"

"अर्थ माहीत नाही. त्यांना पक्षी चांगले यायचे."

प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले. सहायिकेला घेऊन हवालदार बाहेर निघाले. टेबलापाशी येताच ती थांबली, पण कागदाकडे पाहिलं नाही.

ती गेल्यावर पाथरवट बराच वेळ आपल्या तळहातांकडे पाहत राहिला.

"साहेबांनी माझ्याकडे एवढंच मागितलं होतं, वहिनी. तळहाताएवढी खूण. माझ्या हातचं अर्ध्या तासाचं काम. अंगठा नसता ठेचला, आवाज नसता झाला, बाईंना कळलंही नसतं. पणजोबांची खूण म्हणून मी नाही म्हटलं. ती तर गेलीच. तेव्हा हो म्हटलं असतं, तर आज साहेब जिवंत असते ना?"

त्याच्या बायकोने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाली, "घरी चला."